रबराच्या टोपीकडे आधी पाहा

पहिली मारुती ८०० मालकाच्या ताब्यात गेली ती १४ डिसेंबर १९८३ ला, आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ च्या जानेवारीत. म्हणजे अगदी शेवटी तयार झालेली गाडीसुद्धा आता जुन्यातच मोडते. तरी बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी, घाटाच्या चढावर, शहरातल्या जुन्या सोसायटीच्या फाटकाशी ती भेटतेच. तिचं ७९६ सीसीचं इंजिन कुठल्याही गॅरेजात उघडतं आणि पुन्हा नीट बांधलं जातं, त्यामुळे मालकाचं सगळं लक्ष इंजिनाकडे असतं. अॅव्हरेज किती देते, धूर सोडते का, सकाळी एका चावीत सुरू होते का, हे रोज विचारलं जातं. पुढच्या चाकामागे, चिखलाच्या थराखाली असलेल्या लिंबाएवढ्या बॉल जॉइंटबद्दल मात्र कुणी चौकशी करत नाही. तो एकदा खडखडायला लागला की मग गॅरेजची वाट धरायची, अशी आपली रीत आहे. ही रीत चुकीची आहे, आणि जुन्या छोट्या गाडीच्या बाबतीत तर धोक्याची आहे. बॉल जॉइंट कधी बदलायचा हे त्याच्या रबरी बुटावरून आणि हाताला लागणाऱ्या ढिलाईवरून ठरवावं. आवाजाच्या भरवशावर राहू नये. असं का, आणि ते करायचं कसं, हे या लेखात मांडतो.

आधी हा भाग नजरेसमोर आणू. एका टोकाला घोटीव पोलादी गोळा असलेली, साधारण अंगठ्याच्या जाडीची खिळी असते. तो गोळा पोलादी वाटीत बसतो. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये कडक प्लास्टिकचं अस्तर असतं आणि ग्रीस भरलेलं असतं. अस्तर गोळ्याला इतकं घट्ट धरून असतं की नवी खिळी बोटांनी फिरवायला जोर लागतो. ती फिरते, पण लोण्यात फिरल्यासारखी, एकसारखी. कुठे अडकत नाही की सुटी पडत नाही. वाटीच्या तोंडावर घडी पडलेल्या टोपीसारखा रबराचा बूट असतो आणि तारेच्या कड्याने तो बसवलेला असतो. वाटी लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यात, घट्ट बसते, खिळी वर जाऊन नकलमध्ये अडकते. चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक ज्या ओतीव भागावर बसतात तो नकल. माणसाच्या खुब्याच्या सांध्याचीच ही रचना आहे. चाक वर-खाली होताना आणि डावी-उजवीकडे वळताना जी हालचाल लागते, ती सगळी त्या एका गोळ्यावर होते.

मारुतीसारख्या छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकाच उभ्या नळीवर असतात आणि त्या नळीचं वरचं टोक बॉडीला धरलेलं असतं. त्यामुळे गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट नकलवर उतरतं, बॉल जॉइंटवर येत नाही. यावरूनच काही जण सांगतात की या गाडीत बॉल जॉइंटवर भार नसतो, काळजी करू नका. अर्धी गोष्ट खरी आहे. उभा भार नसतो, आडवा असतो, आणि तो थोडाथोडका नसतो. साधा हिशेब करून पाहू. चार माणसं बसलेल्या छोट्या गाडीच्या एका पुढच्या चाकावर ३०० किलो भार धरा. जोरात ब्रेक दाबला आणि रस्त्याने त्या भाराच्या ७० टक्के पकड दिली, तर रस्ता चाकाला २१० किलोच्या जोराने मागे ओढतो. हा ओढा टायरच्या तळाशी लागतो. नकल आणि स्ट्रट मिळून जी उभी पहार तयार होते, ती दोनच ठिकाणी धरलेली असते : वर बॉडीला, समजा जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, आणि खाली बॉल जॉइंटला, समजा १५ सेंटिमीटरवर. पहारीच्या नियमाने खालच्या आधारावर येणारा जोर २१० ला ७५ भागिले ६० ने गुणून मिळतो, म्हणजे सुमारे २६० किलो. रस्त्याचा ओढा जेवढा आहे त्यापेक्षा पाव पट जास्त. वळणावर हाच हिशेब आडव्या दिशेने लागू पडतो आणि खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की क्षणभर तो कितीतरी वर जातो. खंबाटकी किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना दर वळणाला ब्रेक आणि वळण दोन्ही एकाच वेळी त्या अंगठ्याएवढ्या खिळीवर येतात.

इतका जोर सोसणारा हा भाग वर्षानुवर्षं टिकतो, कारण आत ग्रीस असतं आणि ते ग्रीस बूट राखून ठेवतो. सगळी मेख इथे आहे. पोलाद आणि अस्तर आपण होऊन फार सावकाश झिजतात. बूट फाटला की झिजेचा वेग एकदम बदलतो. फटीतून पाणी आत जातं, ग्रीस धुपतं, आरशासारख्या गोळ्यावर गंजाचे ठिपके उठतात, आणि प्रत्येक वळणाला ते ठिपके अस्तर खरवडत राहतात. पाण्याबरोबर माती आली तर काम आणखी लवकर होतं. कोकणातला जांभ्याचा तांबडा भुगा असो, घाटमाथ्यावरचा मुरूम असो की मराठवाड्यातल्या काळ्या रानातली चिकट माती, ग्रीसमध्ये मिसळली की तिचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे गंज लवकर धरतो, हे वेगळं सांगायला नको.

बूट फाटतो तो बहुतेक वेळा वयाने. रबर कडक होतं, घडीच्या खोलगट भागात आधी बारीक रेषा पडतात आणि मग चीर जाते. पण आपणही त्याला हातभार लावतो. सर्व्हिसिंगला गाडी धुताना दाबाच्या पाण्याची तोटी अगदी जवळून बुटाच्या कडेवर धरली, तर न फाटलेल्या बुटातही पाणी घुसतं. दुसरी सवय म्हणजे पावसाळ्याआधी गाडीखाली जळक्या ऑइलचा आणि डिझेलचा फवारा मारून घेणं. पत्रा गंजू नये हा हेतू चांगला, पण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. बूट, बुश, ब्रेकचे होज यांवर तो फवारा मुळीच नको. पत्र्यासाठी अंडरबॉडी कोटिंग करून घ्यावं आणि तेही रबरी भाग झाकून. आणि टाय रॉड किंवा ड्राइव्ह शाफ्टचं काम करताना छिन्नी घसरून चांगला बूट टोचला जाणं, हेही गॅरेजात नेहमी होतं. म्हणून पुढच्या चाकाचं कुठलंही काम झालं की गाडी खाली घेण्याआधी बूट एकदा पाहून घ्यावा.

आता मुख्य आक्षेप. लोक म्हणतात, खराब झाला की तो आवाज करेलच. तोवर चालू दे. यात तीन अडचणी आहेत. एक म्हणजे ढिला झालेला जॉइंट कित्येकदा गप्प असतो. आत घट्ट बसलेली माती आणि सुकलेलं ग्रीस ती फट भरून काढतं, आणि सरळ रस्त्यावर चाकाचा ओढा एकाच बाजूला असल्याने गोळा वाटीच्या एकाच अंगाला दाबून राहतो. ज्याला हलायची संधीच नाही तो खडखडणार कसा? दुसरं, जुन्या मारुतीत खालून येणाऱ्या आवाजाचे दावेदार अनेक आहेत. दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारचं टोक लोअर आर्ममधून जातं आणि तिथे रबरी बुश असतात. ते झिजले की स्पीडब्रेकरवर ठक्कन आवाज येतो. आर्मचा आतला बुश, स्ट्रटचं वरचं माउंट, टाय रॉड एंड, सगळ्यांची खटखट जवळजवळ सारखीच आणि बऱ्याचदा बॉल जॉइंटपेक्षा मोठी. आवाजावरून निदान केलं की पहिल्यांदा बुश बदलले जातात, आवाज थोडा कमी होतो, मालक निश्चिंत होतो आणि खरा दोषी तसाच चालत राहतो. तिसरी अडचण सगळ्यात गंभीर. बॉल जॉइंट जेव्हा नि:संशय स्वतःचा आवाज करू लागतो, स्टीअरिंग वळवताना करकरतो किंवा रिव्हर्सला ब्रेक दाबल्यावर कड् करतो, तेव्हा अस्तर बहुधा संपत आलेलं असतं. त्यानंतर गोळा वाटीचं तोंड खात जातो आणि एके दिवशी खिळी वाटीतून निसटते. असं झालं की नकलचं खालचं टोक मोकळं होतं, चाक गाडीबाहेर फाकतं, ड्राइव्ह शाफ्ट ओढला जातो, ब्रेकचा होज ताणला जातो किंवा तुटतो, आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. पार्किंगमध्ये वळताना हे घडलं तर गाडी जागेवर बसते. घाटात घडलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी बघायचं, मग हलवायचं, ऐकायचं सगळ्यात शेवटी. बघायला गाडी उचलावीही लागत नाही. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि चाकामागे टॉर्च धरा. लोअर आर्म जिथे नकलला भेटतो तिथे बूट दिसेल. ओल्या फडक्याने चिखल पुसून काढा, कारण चीर नेमकी चिखलाखाली असते. निरोगी बूट कोरडा आणि मळकट काळा दिसतो. बोटाने दाबला तर आतलं मऊ ग्रीस जाणवतं. भोवती ग्रीसचे ओघळ आणि त्यावर धूळ बसून काळी साय धरलेली दिसली, तर कुठेतरी फट आहे. बूट अगदी सुका आणि चपटा लागला, आत काहीच नाही असं वाटलं, तर ग्रीस कधीच निघून गेलेलं आहे. तांबूस पाणी झिरपल्याचे डाग असतील तर आत गंज धरला आहे आणि पुढच्या परीक्षेची फारशी गरज उरलेली नाही. ही पाहणी वर्षातून दोनदा पुरते : एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि दुसऱ्यांदा पाऊस ओसरल्यावर. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतोच. त्याच सकाळी दोन्ही चाकांमागे टॉर्च धरली की पावसाळ्याने काय केलं ते कळतं.

हलवून पाहायचं तर गाडी उचलावी लागते, आणि इथे पद्धत महत्त्वाची आहे. जमीन कडक आणि सपाट हवी, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे हवेत, आणि जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही; बॉडीखाली पक्के स्टँड लावूनच. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागी लावावा, म्हणजे चाक खाली लोंबकळतं आणि जॉइंट मोकळा होतो. दोन्ही पुढची चाकं एकदमच उचलावीत. एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो, त्याचा ताण आर्मवर येतो आणि ढिला जॉइंटही घट्ट वाटतो. घाईत केलेल्या तपासणीत ही चूक हमखास होते. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, तिथे उलट जॅक आर्मखाली द्यावा लागतो, कारण तिथे वजन बॉल जॉइंटमधूनच जातं. तेव्हा आपल्या गाडीची रचना कोणती हे आधी पाहून घ्यावं.

चाक लोंबकळलं की एक हात वर, एक हात खाली धरून ते आत-बाहेर हलवा. ठक् असं जाणवलं तर ती ढिलाई बेअरिंगचीही असू शकते. सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे चाक आणि नकल एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे ढिलाई गायब झाली तर ती बेअरिंगची. तशीच राहिली तर बॉल जॉइंटची किंवा स्ट्रटच्या माउंटची. माउंटचा संशय असेल तर बॉनेट उघडून सोबत्याला वरच्या नटावर बोट ठेवायला सांगा. हात डावी-उजवीकडे धरून जी ढिलाई लागते ती बहुधा टाय रॉड एंडची किंवा स्टीअरिंग रॅकची असते; तिचा या जॉइंटशी गोंधळ करू नये. शेवटची आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच वर-खाली करणं. टॉमीचं टोक बुटाला लागू देऊ नका. एका हाताची बोटं नकल आणि आर्मच्या सांध्यावर टेकवून ठेवा. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना कळते. छोट्या गाडीच्या अशा जॉइंटमध्ये बोटांना जाणवण्याएवढा वर-खाली खेळ असता कामा नये. काही कंपन्या आपापल्या मॅन्युअलमध्ये थोडी मर्यादा देतात, ती असेल तर प्रमाण मानावी. नसेल तर जाणवला की बदला, इतका सोपा निकष ठेवायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप मेकॅनिकांकडून येतो आणि तो तितका टाकाऊ नाही : बूट फाटलाय, पण खेळ नाही, मग सिरिंजने ग्रीस भरून टाकू, किंवा नुसता बूट बदलू. बूट कालच्या कामात टोचला गेला असेल, पाऊस-पाणी लागलेलं नसेल आणि खिळी फिरवताना खरखर नसेल, तर जुनं ग्रीस पुसून, नवं भरून, नवा बूट बसवणं हा शहाणपणाचा खर्च आहे. पण फाटक्या बुटाने एक पावसाळा काढला असेल तर हा उपाय उशिरा आला. आत गेलेली माती पुसून निघत नाही, अस्तरात रुतून बसते. वरून ग्रीस भरलं की आवाज चार आठवडे दबतो आणि झीज मात्र चालूच राहते. या शांततेमुळेच लोक फसतात. ग्रीस निपल असलेला जॉइंट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ठरलेल्या अंतराने ग्रीस द्यायचंच असतं, आणि तेही बूट किंचित फुगेपर्यंत, फुटेपर्यंत नव्हे. मारुतीसारख्या गाड्यांत मात्र सहसा कारखान्यात बंद केलेला जॉइंट येतो. त्याची देखभाल म्हणजे बूट सांभाळणं.

तिसरा आक्षेप पैशाचा : गाडीचीच किंमत आता किती उरली आहे, तिच्यावर कशाला खर्च करायचा? मला हा विचार मुळातच उफराटा वाटतो. गाडीची विक्रीची किंमत कमी झाली म्हणून तिच्यात बसणाऱ्या माणसांची किंमत कमी होत नाही. आणि नुसता पैशाचा हिशेब मांडला तरी उत्तर बदलत नाही. मारुती ८०० चा जॉइंट काही शे रुपयांना मिळतो. तो ढिला ठेवला तर चाकाचा कोन धावता धावता बदलत राहतो आणि टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने खाल्ला जातो. बोट फिरवलं तर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागतं. मालक अलाइनमेंट करून घेतो, सहा महिन्यांनी टायरची तीच अवस्था होते, आणि दोष अलाइनमेंटवाल्याला लागतो. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट मशीनवरून गाडी उतरेपर्यंतच टिकते. आधी सांधे पक्के, मग अलाइनमेंट, हा क्रम कुणी उलटा सांगितला तर दुसरं गॅरेज शोधावं. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओत तिची तपासणी होऊन नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पण त्या ५ वर्षांत ५ पावसाळे येतात, आणि बूट त्यांतल्या कुठल्याही पावसाळ्यात फाटू शकतो.

बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न : नुसता जॉइंट की आख्खा लोअर आर्म? काही गाड्यांत कंपनी आर्मसकटच जॉइंट देते, बाजारात मात्र सुटाही मिळतो. आर्म सरळ असेल, गंजाने खाल्लेला नसेल, आतला बुश शाबूत असेल आणि हायड्रॉलिक प्रेस असलेलं गॅरेज जवळ असेल, तर सुटा जॉइंट घ्यायला हरकत नाही. यातली एखादीही अट पुरी होत नसेल तर आख्खा आर्म घ्यावा. वीस वर्षांच्या गाडीत मी आर्मकडेच झुकेन, कारण जॉइंटबरोबर बुशही नवा होतो आणि काम सोपं होतं. एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा. जॉइंट दोन-तीनदा बदलला गेला की आर्मचं भोक सैल होतं, नवा जॉइंट हातानेच आत-बाहेर होतो. मग कुणीतरी सुचवतं की दोन टाके वेल्डिंगचे मारू. त्या उष्णतेने आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, ग्रीस जळतं, बूट भाजतो, आणि भोकाजवळचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं. वरून काम पक्कं दिसतं, आतून भाग बसवण्याआधीच निकामी झालेला असतो. हातोड्याने ठोकून बसवलेल्या जॉइंटचंही तेच. वाटी किंचित चपटी झाली तरी गोळा एका जागी अडकतो.

दुकानात पाकिटावरचं नाव वाचून थांबू नका, भाग हातात घ्या. खिळी बोटांनी सगळ्या दिशांना फिरवा. नव्या जॉइंटने विरोध केला पाहिजे. खिळी आपल्याच वजनाने कलंडली तर तो भाग ठेवून द्या, मग किंमत कितीही कमी असो. बुटाचं कडं खोबणीत सगळीकडे बसलंय का, रबर मऊ आहे की पाकिटातच वर्षं काढून कडक झालंय, हे पाहा. जुन्या जॉइंटशी खिळीची जाडी आणि गळ्याजवळच्या खाचेची उंची ताडून घ्या. नवा नट-बोल्ट त्याच खरेदीत घ्यावा. जुना ताणलेला बोल्ट परत वापरून वाचवलेले पैसे इथे कामाचे नाहीत.

प्रत्यक्ष काम गॅरेजात करून घेणंच बहुतेकांना सोयीचं, पण काय चाललंय ते कळलं पाहिजे. जोड दोन तऱ्हेचे असतात. जुन्या मारुतीत खिळी सरळ असते, नकलच्या चिरलेल्या तोंडात जाते आणि आडवा बोल्ट तिच्या गळ्याजवळच्या खाचेतून पार होतो. हा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नाहीतर खाच त्याला अडकून राहते आणि माणूस उगाच आर्मवर ठोकत बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं की निम्मं काम होतं. चिरलेलं तोंड छिन्नीने अगदी जरासं उघडावं, आर्म लांब पहारीने खाली दाबावा, खिळी उतरते. दुसऱ्या तऱ्हेत खिळी निमुळती असते आणि खाचांच्या नटाने, स्प्लिट पिन घालून धरलेली असते. तिथे पुलर लावावा. नट पक्का करताना पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट आणखी थोडा आवळावा, मागे कधीही फिरवू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

खिळी सुटली की नकल खालून मोकळा झुलतो. तो तसाच सोडला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा ओढला जातो आणि ब्रेकचा होज ताणतो, म्हणून तो तारेने वर बांधून ठेवावा. आर्म काढायचा तर स्टॅबिलायझर बारच्या टोकाचा नट आणि आतल्या बुशाचा बोल्टही सुटतो. वॉशर आणि रबरं कुठल्या क्रमाने निघाली त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बसवताना खिळी तिच्या जागी पूर्ण वर गेली की आडवा बोल्ट बोटांनी सरकतो. तो अडतोय म्हणून हातोडा मारला जात असेल तर तिथेच थांबवा. खाच समोर आलेली नाही आणि बोल्ट खिळीला दातरे पाडतोय. आर्मच्या आतल्या बुशाचा बोल्ट आधी नुसता हलका आवळायचा, गाडी चारही चाकांवर जमिनीवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची आणि मग शेवटचा जोर द्यायचा. चाक लोंबकळत असताना तो आवळला तर गाडी खाली येताच बुशाचं रबर पिळलं जातं आणि रोज पिळलेलंच राहून लवकर फाटतं. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळावेत. पाइप लावून जीव खाऊन आवळणं म्हणजे पक्कं काम, ही समजूत गॅरेजांतून जायला हवी.

दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. तुटलेली साईडपट्टी, गटाराची झाकणं आणि पाण्याखाली लपलेले खड्डे डाव्या चाकाच्या वाट्याला अधिक येतात. त्यामुळे डावा जॉइंट आधी गेला तर नवल नाही. उजव्याचा बूट शाबूत असेल, ग्रीस आत असेल आणि टॉमीने खेळ लागत नसेल, तर तो केवळ जोडी म्हणून फेकू नये. पण दोन्ही एकाच वयाचे असतील आणि उजव्याच्या बुटाला बारीक भेगा दिसत असतील, तर तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही असं धरून याच वेळी काढावा. मजुरी आणि अलाइनमेंटचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही.

काम संपल्यावर जुना जॉइंट मागून घ्या आणि नव्याशेजारी धरून हलवा. कुठल्या अवस्थेत तो चालत होता ते हाताला कळेल, आणि दुसऱ्या बाजूचा कधी काढायचा याचाही अंदाज येईल. नट आणि नकलवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून घ्या. अलाइनमेंट त्याच दिवशी. बहुतेक छोट्या गाड्यांत ‘टो’, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेरचा कोन, तेवढाच जुळवता येतो, तो जुळवून घ्या आणि कॅम्बरचा, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाचा, आकडा दोन्ही बाजूंना फार वेगळा आला तर आर्म किंवा स्ट्रट वाकलाय का ते तपासायला सांगा. दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की स्टीअरिंग पूर्ण वळवून पुन्हा टॉर्च धरा : पांढरी रेघ अखंड आहे का, बूट पिळलेला नाही ना, भोवती ग्रीस नाही ना. रेघ सरकलेली दिसली तर गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या, जाताना वेग कमी ठेवा आणि घाटाचा रस्ता घेऊ नका.